बाबा म्हणतात, "ते औषध आमच्या प्लांटला पचत नाही"

पत्र थोडं कापून देतेय, नाव-गाव काढून टाकलंय.

"ताई, माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. सगळी नोकरी सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर म्हणून झाली. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत त्यांच्या लिव्हरमध्ये साधारण ३ सेंटिमीटरची गाठ दिसली, डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन सांगितलाय. बाबांनी त्यावर मोबाईलवर वाचायला घेतलं आणि कुठल्यातरी लेखात त्यांना दिसलं की हे कॉन्ट्रास्टचं औषध लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडतं, प्लांटमधून साफ होत नाही आणि नदीत जातं. झालं! म्हणतात, 'आयुष्यभर पाणी साफ केलं आणि आता मीच त्यात घाण सोडू? साधा स्कॅन करा नाहीतर राहू दे.' दोन वर्षांपूर्वी त्यांचा मेंदूचा एमआरआय झाला होता, त्यातलं गॅडोलिनियम डोक्यात साठून राहतं असंही त्यांनी वाचलंय. आणि परवा कहर म्हणजे म्हणाले, केलाच स्कॅन तर दिवसभर पाणी कमी पिईन, म्हणजे लघवी कमी होईल. ताई, हे सगळं संशोधन खरं आहे का, आणि मी त्यांना कसं समजावू?"

हे बघ, तू ताई म्हणालीस म्हणून मी सरळ अगं-तुगं करते. आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल: स्कॅन करायचा, डॉक्टरांनी सांगितलाय तसा कॉन्ट्रास्टसकट, आणि टाळाटाळ करत महिने घालवायचे नाहीत. पण दुसरी गोष्ट तुला कदाचित आवडणार नाही, ती म्हणजे प्लांटच्या बाबतीत तुझे बाबा बरोबर बोलतायत. तू त्यांना "काहीतरी फॉरवर्ड वाचून डोकं फिरलंय" असं म्हणाली असशील तर आधी ते मागे घे, कारण ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं एरेशन टँकचा, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीचा, वास घेतलाय त्याला त्या पाण्याचं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते चुकीचं ठरवायला गेलीस की ते पुढचं काहीच ऐकणार नाहीत.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. सोळा वर्षं सीटी आणि एमआरआयच्या रूममध्ये टेक्निशियन होते, त्यामुळे हे औषध माणसात कसं जातं ते रोज बघितलंय, आणि बाहेर कुठे जातं याचा विचार खरं सांगायचं तर पहिली दहा वर्षं केलाच नाही. एक कबुली देऊनच टाकते. आम्ही सिरिंजमध्ये १०० मिली भरायचो, पेशंटला ८० लागायचं, उरलेलं २० बेसिनमध्ये आणि वरून नळ सोडायचा. चिकट असतं ते, कोमट केलं नाही तर पाकासारखं, हाताला लागलं की बोटं एकमेकांना चिकटतात. रोजचे पंचवीस-तीस पेशंट धर आणि हिशोब कर. कोणी कधी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्यामुळे तुझ्या बाबांचं वाक्य वाचून मला हसू नाही आलं, थोडी लाजच वाटली.

आता ते साफ का होत नाही ते सांगते. सीटीचा कॉन्ट्रास्ट म्हणजे आयोडीनचे अणू घट्ट बांधलेला एक रेणू. आयोडीन एक्स-रे अडवतं म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसतात, एवढंच त्याचं काम. ते बनवतानाच असं बनवलेलं असतं की शरीराने त्याला हात लावू नये, तोडू नये, चरबीत साठवू नये, किडनीने गाळून सरळ बाहेर टाकावं. किडनी ठीक असलेल्या माणसात २४ तासांत ९० टक्क्यांहून जास्त औषध लघवीतून जातं, तेही काही न बदलता. शरीरासाठी हे फारच चांगलं. पण प्लांटमध्ये काम कोण करतं? जिवाणू. ज्या रेणूला तुझ्या बाबांचं लिव्हर तोडू शकलं नाही त्याला एरेशन टँकमधले जिवाणू तरी कसे खाणार, त्यांना ते अन्न वाटतच नाही, आणि पाण्यात इतकं मस्त विरघळतं की स्लजला (गाळाला) चिकटून खालीही बसत नाही. बीओडी (पाण्यात सेंद्रिय घाण किती उरली ते सांगणारा आकडा) उत्तम, क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) वाहणारं पाणी नितळ, आणि कॉन्ट्रास्ट त्यातून बराचसा आला तसा पुढे. माणसात ते निरुपद्रवी ज्या गुणामुळे, प्लांटमध्ये ते चिवट त्याच गुणामुळे. हे वाक्य तू बाबांना नक्की वाचून दाखव, त्यांना पटेल.

एका स्कॅनमध्ये जवळपास ३० ग्रॅम आयोडीन जातं. माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम. भागाकार केला तर एका स्कॅनमध्ये साधारण साडेपाचशे वर्षांची आयोडीनची गरज मिनिटभरात हातातून आत जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक सगळी गटारात. मला हा हिशोब पहिल्यांदा कळला तेव्हा मी तो दोनदा करून बघितला होता.

एमआरआयची गोष्ट वेगळी आणि जास्त मजेशीर आहे. त्यात गॅडोलिनियम असतं, सत्तर किलोच्या माणसाला एका वेळी साधारण एक ग्रॅम. हा धातू दुर्मीळ मृदा धातूंच्या कुटुंबातला, पंधरा-सोळा भावंडं, आणि नदीत ती सगळी खडक-मातीतून एकत्रच येतात, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं. १९९६ मध्ये मायकेल बाऊ आणि पीटर डुल्स्की या दोघांनी जर्मनीतल्या दाट वस्तीतून वाहणाऱ्या नद्यांचं पाणी तपासलं तर बाकी भावंडं ओळीत उभी आणि गॅडोलिनियम एकटंच सगळ्यांच्या डोक्यावरून वर. विरळ वस्तीच्या भागातल्या नद्यांत असं काही नव्हतं. पहिलं गॅडोलिनियम औषध वापरात येऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती आणि ते नदीत दिसायलाही लागलं होतं! पुढे २०१९ मध्ये तर जर्मनीतल्या सहा शहरांत फास्ट फूडच्या दुकानांत नळाच्या पाण्यापासून बनवलेल्या शीतपेयातही ते सापडलं, म्हणजे दवाखाना, संडास, प्लांट, नदी, नळ आणि शेवटी ग्लास असा पूर्ण प्रवास.

पण थांब, इथे घाबरून जायचं नाही, कारण नेमकं इथेच लेख लिहिणारे लोक प्रमाण सांगायचं विसरतात. गॅडोलिनियम पाण्यात असतं ते लिटरला नॅनोग्रॅममध्ये. आयोडीनवालं औषध सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांत मायक्रोग्रॅममध्ये. समज या औषधातलं आयोडीन लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे आणि तू तेच पाणी रोज दोन लिटर प्यायलीस, तर एका सीटी स्कॅनइतकं आयोडीन पोटात जायला तुला चाळीस हजार वर्षं लागतील. त्यामुळे "पाण्यातून कॉन्ट्रास्टचं विष" वगैरे मथळे सोडून दे.

खरी काळजीची गोष्ट त्या मथळ्यांत येतच नाही, ती तुझ्या बाबांना जास्त कळेल. २०११ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात आयोपॅमिडॉल नावाचं सीटीचं औषध, नदीच्या पाण्यातले साधे सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरीन एकत्र आले की काय होतं ते बघितलं. क्लोरीन त्या रेणूतून आयोडीन सोडवतं आणि मग त्या आयोडीनपासून नवीन संयुगं तयार होतात. त्या जातीतलं आयोडोअॅसेटिक अॅसिड प्रयोगशाळेत पेशींच्या डीएनएला इजा करताना दिसलंय. म्हणजे औषध स्वतः गरीब, पण जंतू मारायला घातलेल्या क्लोरीनशी गाठ पडली की भानगड. किती पाण्यात, किती प्रमाणात, माणसांवर काय परिणाम, हे काम अजून चालू आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखं नक्कीच नाही.

मेंदूत साठण्याबद्दल. हो, तेही खरं आहे. २०१४ मध्ये जपानच्या तोमोनोरी कांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांचे आधी अनेकदा गॅडोलिनियम देऊन एमआरआय झालेत त्यांच्या मेंदूतले दोन छोटे भाग नुसत्या साध्या एमआरआयमध्येही जास्त पांढरे दिसतात. आधी सगळ्यांना वाटायचं की किडनी चांगली असेल तर सगळं निघून जातं, ते तितकं सगळं निघून जात नव्हतं. मग खूप तपासण्या झाल्या, कळलं की या औषधांत दोन प्रकार, एकात धातू उघड्या साखळीत धरलेला असतो तो जास्त सुटतो, दुसऱ्यात बंद कड्यात कोंडलेला असतो तो खूप कमी. २०१७ मध्ये युरोपने साखळीवाली बरीचशी औषधं शिरेतून द्यायला बंद केली, अमेरिकेने सगळ्यांवर इशारा लिहायला लावला आणि सोबत हेही सांगितलं की किडनी चांगली असलेल्या माणसांत या साठण्यामुळे थेट काही अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. बाबांचा एकच एमआरआय झालाय. रात्रीची झोप घालवण्यासारखं यात काही नाही. फाईलमध्ये औषधाचं नाव असेल तर लिहून ठेव, पुढे कधी परत एमआरआय लागला तर "कड्यावाला प्रकार देताय ना" एवढं विचारता येईल. २०२२ मध्ये गॅडोपिक्लेनॉल नावाचं एक नवीन औषध अमेरिकेत मंजूर झालं, त्यात नेहमीच्या निम्म्या गॅडोलिनियममध्ये काम भागतं.

आता मुख्य मुद्दा, "साधा स्कॅन करा" हे का चालणार नाही. साध्या सीटीत लिव्हर म्हणजे एक राखाडी पट्टा, आणि गाठसुद्धा जवळजवळ तशीच राखाडी. ती आहे एवढं कळेल, काय आहे ते कळणार नाही, आणि आहे हे तर सोनोग्राफीने सांगितलंच. कॉन्ट्रास्ट दिल्यावर आम्ही एकच फोटो काढत नाही. इंजेक्शन सुरू झाल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटाने पहिला, सत्तर सेकंदांच्या आसपास दुसरा, काही मिनिटांनी तिसरा. रक्तवाहिन्यांची साधी गाठ असेल, जी खूप लोकांत असते आणि काही करत नाही, तर ती कडेकडेने ठिपक्या-ठिपक्यांनी उजळते आणि मग सावकाश आत भरत जाते. लिव्हरचा कॅन्सर असेल तर बहुतेक वेळा पहिल्या फोटोत भपकन उजळतो आणि नंतरच्या फोटोंत बाजूच्या लिव्हरपेक्षा काळा पडतो. म्हणजे सगळी गंमत वेळेत आहे, रंग कधी चढतो आणि कधी उतरतो त्यात. मॉनिटरवर हे बघताना माझे स्वतःचे श्वास थांबलेत कितीतरी वेळा, कारण पेशंट आत डोळे मिटून पडलेला असतो आणि आपल्याला तिसऱ्या फोटोतच अंदाज येतो, पण बोलायची परवानगी नसते. कॉन्ट्रास्टशिवाय स्कॅन केला तर रेडिएशन घ्याल, पैसे भराल आणि रिपोर्टमध्ये शेवटी लिहून येईल, "कॉन्ट्रास्ट स्कॅन करावा."

बाबांना पर्याय हवाच असेल तर एक खराखुरा आहे, डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. सोनोग्राफीतच शिरेतून बारीक बुडबुड्यांचं औषध देतात, लिव्हरच्या गाठीसाठी ते मान्यताप्राप्त आहे, आणि त्यातला वायू किडनीतून नाही तर फुफ्फुसातून, श्वासावाटे बाहेर जातो. म्हणजे गटाराचा प्रश्नच नाही. (आता बाबा हुशार आहेत, ते शोधून काढतीलच की तो वायू बऱ्याचदा सल्फर हेक्साफ्लोराइड असतो आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा वीस हजार पटींहून जास्त जोरदार आहे. प्रमाण अगदी चिमूटभर असतं, पण सांगून ठेवते, नाहीतर मलाच पत्र येईल.) सगळीकडे ती सोय नसते, गाठ खोल असेल तर दिसतही नाही, आणि लिव्हर सोडून बाकी पोटाचं त्यात कळत नाही. डॉक्टर म्हणाले सीटीच लागेल तर सीटीच.

पाणी कमी प्यायची गोष्ट मात्र आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढायला लाव! लघवी कमी झाली म्हणून नदीत कमी जाणार नाही, तेवढंच औषध कमी पाण्यातून जाईल, एवढाच फरक, आणि ६८ व्या वर्षी कोरड्या किडनीवर कॉन्ट्रास्ट घेणं म्हणजे स्वतःहून दुखणं ओढवून घेणं. डॉक्टरांनी हार्ट किंवा सुजेमुळे पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर आदल्या दिवशी आणि नंतर नेहमीपेक्षा चांगलं पाणी प्यायचं. स्कॅनच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) बघून घे, तो ३० च्या खाली असेल तर डॉक्टर वेगळी खबरदारी घेतात, त्याच्या वर असेल तर कॉन्ट्रास्टने किडनी जाते ही जुनी भीती आता खूपच कमी झालीये, २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीवाल्या दोन संस्थांनी मिळून तसं सांगितलंय. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा, किडनी नीट असेल तर सहसा बंद करावी लागत नाही, पण आपलं आपण काही बंद करायचं नाही. आधी कधी कॉन्ट्रास्टनेच अंगावर गांधी आल्या होत्या का, हे महत्त्वाचं. सुई लावल्यावर औषध जाताना घशात, छातीत, मग खाली गरम लाट जाते आणि चड्डीतच लघवी झाली असं वाटतं, झालेली नसते. हे आधी सांगून ठेव, कारण न सांगता गेलेली माणसं घाबरून हलतात आणि फोटो बिघडतो. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, खाज किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच ओरडून सांगायचं, भिडस्तपणा नको.

आणि त्यांची पाण्याची तळमळ वाया जाऊ नये म्हणून काय करता येईल ते सांगते, कारण काहीच करता येत नाही असं नाहीये. जर्मनीत रुहर नदीच्या भागात आणि नेदरलँड्समध्ये स्कॅन झालेल्या पेशंटना घरी न्यायला लघवीच्या पिशव्या दिल्या होत्या, आत जेल करणारी पूड, बंद करायची आणि कचऱ्यात टाकायची. कल्पना चांगली, पण ती चालते कारण तो कचरा पुढे भट्टीत जळतो. तुमच्याकडचा कचरा नुसता ढिगावर पडत असेल तर पहिल्या पावसात तो जेल परत पाण्यातच, मग उगाच बाथरूममध्ये बादल्या भरून ठेवायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा सेंटरवर बाबांनी स्वतः विचारावं, डोस वजनानुसार देता का, की सगळ्यांना सरसकट १०० मिली, आणि उरलेलं औषध कुठे टाकता. काही ठिकाणी उरलेलं गोळा करून त्यातलं आयोडीन परत वापरायला पाठवतात. २०२२ मध्ये शांघायमधला एक मोठा कारखाना लॉकडाऊनमुळे बंद पडला आणि जगभर कॉन्ट्रास्टची टंचाई झाली, तेव्हा भल्याभल्या हॉस्पिटल्सना एकदम कळलं की वजन बघून डोस देता येतो, मोठी बाटली वाटून वापरता येते, आणि कितीतरी स्कॅन कॉन्ट्रास्टशिवायही चालतात. गरज पडली की सुचतं, काय करणार. कम्प्युटरच्या बाजूनेही काम चालू आहे, स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१८ मध्ये गॅडोलिनियमच्या एक दशांश डोसवर काढलेल्या मेंदूच्या फोटोंना एआयने पूर्ण डोससारखं करून दाखवलं. मला ते आवडलं आणि थोडी धास्तीही वाटते, कारण छोटा ठिपका मशीनने पुसला किंवा नसलेला रंगवला तर?

प्लांटकडची बातमी बाबांना माहीत नसेल तर सांग. स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या प्लांटना ओझोन किंवा अॅक्टिव्हेटेड कार्बनचा जास्तीचा टप्पा लावायला सुरुवात केली. युरोपचा नवा कायदा २०२५ च्या सुरुवातीला लागू झाला, त्यात दीड लाख लोकसंख्येएवढा किंवा त्याहून जास्त भार असलेल्या सगळ्या प्लांटना २०४५ पर्यंत असाच जास्तीचा चौथा टप्पा बसवायचाय आणि त्या खर्चातला किमान ८० टक्के वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी द्यायचाय. पण नेमका कॉन्ट्रास्ट इथेही चिवट निघतो, ओझोनने थोडाच तुटतो, कार्बनवर काही प्रकार बसतात काही नाही, पूर्ण अडवायचा तर रिव्हर्स ऑस्मोसिस, आणि त्याचं वीजबिल आणि मागे उरणारं खारट पाणी कोणी बघायचं हा पुढचा प्रश्न.

हे सगळं बाबांना एका दमात सांगू नकोस. आज फक्त एवढं विचार की त्यांच्या जुन्या प्लांटमध्ये सेकंडरी क्लॅरिफायरच्या पुढे कार्बनचा टप्पा बसवायला जागा आहे का, आणि हेड (पाणी आपोआप पुढे वाहायला लागणारा उंचीचा फरक) किती मिळेल, की पंप लागेल. ते कागद घेऊन नकाशा काढायला बसतील. तेवढ्यात तू आतल्या खोलीत जाऊन स्कॅनची वेळ घेऊन टाक.